काता संपतो, पण पाय खुणेवर येत नाही : पुस्तकावरून हेइआन शोदान बसवताना चूक कशी शोधायची

लक्षण नेहमी एकच. कराटेचं पुस्तक उघडं आहे, काताच्या (ठरलेल्या हालचालींच्या मालिकेच्या) एकवीसही हालचाली पाठ आहेत, किआई (जोराची आरोळी) बरोबर जागी येते. आणि काता संपवून खाली बघावं तर सुरुवातीची खडूची खूण दोन फूट मागे राहिलेली, नाहीतर हातभर उजवीकडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कधी थोडं कमी, कधी जास्त. मग शेवटच्या दोन पावलांत अंदाजाने सरकून खुणेवर यायची सवय लागते, आणि एकदा ती लागली की चूक कुठे होती हे शोधणं फार अवघड होऊन बसतं.

चूक शेवटच्या पावलात क्वचितच असते. पुस्तकात प्रत्येक हालचालीचा शेवट छापलेला असतो, मधला प्रवास नाही. हात कुठे थांबला ते फोटोत दिसतं. पाय कुठून निघाला आणि दुसऱ्या पायाला किती ओलांडून गेला ते दिसत नाही. त्यातून कॅमेरा कंबरेच्या उंचीवर आणि बहुतेक वेळा बाजूला असतो. बाजूने काढलेल्या फोटोत फूटभर रुंद पवित्रा आणि दोन्ही पाय एकाच रेघेवर असलेला पवित्रा अगदी सारखे दिसतात. म्हणून पुस्तकावरून शिकणाऱ्याचे हात लवकर सुधारतात आणि पाय वर्षानुवर्षं चुकत राहतात.

इथे शोतोकान या कराटे शैलीतल्या हेइआन शोदान या काताचाच विचार केला आहे. हा काता पायांच्या दृष्टीने इतका नेटका आहे की चूक मेझर टेपने मोजून पकडता येते.

आधी पुस्तक तपासा

पहिला घोळ नावाचा. कराटे शिक्षक इतोसु अंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठी पाच पिनान काता बसवले. शोतोकानचे प्रवर्तक फुनाकोशी गिचिन १९२२ साली टोकियोला गेले. पुढे त्यांनी या कातांना हेइआन हे नाव दिलं आणि पहिल्या दोघांचा क्रम उलटा केला. त्यामुळे शोतोकानचा हेइआन शोदान म्हणजे शितो-र्यू आणि वादो-र्यू या दुसऱ्या शैलींमधला पिनान निदान. क्योकुशिनमध्ये नाव पिनानच, पण क्रम शोतोकानसारखा. दोन वेगळ्या शैलींची पुस्तकं शेजारी ठेवून ‘पहिला काता’ जुळवायला गेलात तर काहीच जुळणार नाही. नावावर जाऊ नका, पहिली हालचाल बघा. डावीकडे वळून डावा हात खाली झाडणारा ब्लॉक असेल तर तुमचा काता तोच. दोन्ही हात वर उचललेले दिसले तर तो दुसरा आहे. आणि क्रम जुळला तरी पवित्र्यांची लांबी शैलीनुसार बदलते, म्हणून मापं एकाच पुस्तकातून घ्या.

दुसरा घोळ उलट्या फोटोंचा. नकलांच्या नकला काढताना किंवा मोबाइलवर पाठवताना फोटो डावा-उजवा उलटा होतो आणि पटकन कळत नाही. कराटेच्या गीचा (पोशाखाचा) डावा पदर नेहमी उजव्या पदरावर असतो. समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या फोटोत पदराची काठ तुमच्या उजवीकडून, म्हणजे त्याच्या डाव्या खांद्यावरून, निघून तुमच्या डावीकडे खाली उतरली पाहिजे. उलटी उतरत असेल तर फोटो उलटा आहे, आणि त्यावरून शिकलेला सगळा काता आरशातला होईल.

उभ्या ओळींत छापलेलं जपानी पुस्तक असेल तर चित्रं उजवीकडून डावीकडे वाचायची. तसंच, काही फोटोंच्या कोपऱ्यात छोटी चौकट असते. ती त्याच हालचालीची दुसऱ्या बाजूने घेतलेली छबी असते. तिला वेगळी हालचाल समजून काताला बाविसावी-तेविसावी हालचाल जोडणारे बरेच आहेत. हेइआन शोदानच्या हालचाली २१. तुमची मोजणी त्याहून वेगळी येत असेल तर एक तर चौकट मोजली गेली आहे, किंवा सुरुवातीचं योई (तयारीत उभं राहणं).

डावं-उजवं सोडून द्या, दिशांना नावं द्या

फोटोतला माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याचा डावा हात तुमच्या उजवीकडे दिसतो. दोन-तीन वळणांनंतर तो पाठमोरा होतो आणि डोकं गरगरायला लागतं. पुस्तक हातात धरून नक्कल करू नका. एकदा बसून पूर्ण काता वहीत उतरवा, आणि दिशेच्या जागी तुमच्या सरावाच्या जागेतल्या वस्तूंची नावं लिहा. गच्ची असेल तर समोर पाण्याची टाकी, मागे जिना, डावीकडे रस्ता, उजवीकडे नारळ, असं काहीही. मग काता असा दिसतो:

१. रस्ता. डावा पाय टाकून डावा गेदान बाराई (खाली झाडणारा ब्लॉक).
२. रस्ता. उजवं पाऊल, उजवा ओइ झुकी (पुढे टाकलेल्या पायाच्याच हाताचा पंच).
३. नारळ. उजवा पाय फिरवून (१८०°) उजवा गेदान बाराई.
४. नारळ. उजवा पाय निम्मा मागे ओढून पुन्हा पुढे, उजव्या मुठीचा तेत्सुई (हातोडीसारखा फटका) वरून खाली.
५. नारळ. डावं पाऊल, डावा ओइ झुकी.
६. टाकी. डावा पाय फिरवून (९०°) डावा गेदान बाराई.
७. टाकी. उजवं पाऊल, उजवा आगे उके (वर उचलणारा ब्लॉक).
८. टाकी. डावं पाऊल, डावा आगे उके.
९. टाकी. उजवं पाऊल, उजवा आगे उके. किआई.
१०. नारळ. डावा पाय पाठीमागून फिरवून (२७०°) डावा गेदान बाराई.
११. नारळ. उजवं पाऊल, उजवा ओइ झुकी.
१२. रस्ता. उजवा पाय फिरवून (१८०°) उजवा गेदान बाराई.
१३. रस्ता. डावं पाऊल, डावा ओइ झुकी.
१४. जिना. डावा पाय फिरवून (९०°) डावा गेदान बाराई.
१५, १६, १७. जिना. उजवा, डावा, उजवा ओइ झुकी. सतराव्याला किआई.
१८. रस्ता. डावा पाय पाठीमागून फिरवून (२७०°) कोकुत्सू दाची (मागच्या पायावर वजन असलेला पवित्रा), डावा शुतो उके (उघड्या हाताच्या कडेने ब्लॉक).
१९. रस्ता आणि टाकी यांच्या मधला कोपरा. उजवं पाऊल, उजवा शुतो उके.
२०. नारळ. उजवा पाय फिरवून (१३५°) उजवा शुतो उके.
२१. टाकी आणि नारळ यांच्या मधला कोपरा. डावं पाऊल, डावा शुतो उके.
शेवटी डावा पाय उजव्याजवळ ओढून टाकीकडे तोंड.

सहाव्यानंतर पाऊल टाकण्याआधी डावा हात उघडा करून कपाळावर नेलेला काही पुस्तकांत दिसतो, काहींत नाही. ती सातव्याचीच तयारी आहे, वेगळी मोजायची नाही.

या यादीत एक गोष्ट लपली आहे. वळण नेहमी फिरणाऱ्या पायाच्या बाजूने होतं: उजवा पाय फिरला तर अंग उजवीकडून, डावा फिरला तर डावीकडून. आणि पहिली हालचाल सोडली तर ९०, १३५ आणि १८० अंशांच्या वळणांत पुढचा पाय फिरतो. फक्त २७० अंशांच्या दोन वळणांत, दहाव्या आणि अठराव्या हालचालीला, मागचा. वळताना कोणता पाय उचलायचा हा गोंधळ एवढ्यावर मिटतो.

खडूच्या चार खुणा

आता मापं. सतराव्या हालचालीपर्यंतचा पवित्रा झेनकुत्सू दाची, म्हणजे पुढचा गुडघा वाकवलेला लांब पवित्रा. त्याची लांबी साधारण दोन खांद्यांइतकी आणि रुंदी कंबरेइतकी. मध्यम उंचीच्या प्रौढ माणसासाठी एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत लांबी ३ फूट आणि रुंदी १ फूट धरा. पुढच्या पायावर वजन सुमारे ६० टक्के, मागच्यावर ४०. पुढचा गुडघा पायाच्या अंगठ्यावर येतो, त्याच्या पुढे जात नाही. तीन फुटांत मागची टाच उचलली जात असेल तर लांबी कमी करा, पण एकदा ठरवलेली लांबी काताभर बदलू नका.

या मापांनी काता केला तर उजव्या टाचेच्या महत्त्वाच्या जागा एकाच सरळ रेघेवर पडतात. जिन्याकडून टाकीकडे एक लांब रेघ ओढा आणि तिच्यावर चार खुणा करा:

अ : सुरुवातीला योईत उजवी टाच जिथे असते ती जागा.
ब : अ पासून जिन्याकडे २ फूट.
क : अ पासून टाकीकडे १० फूट.
ड : अ पासून टाकीकडे १२ फूट.

पहिल्या हालचालीत उजवा पाय अ वरच राहतो. तिसऱ्या हालचालीत उजवी टाच ब वर येते. चौथ्यात पाय मागे ओढून पुन्हा टाकला की पुन्हा ब वर, आणि सहाव्यापर्यंत तिथेच. नववा आगे उके क वर संपतो. बाराव्या हालचालीत उजवी टाच ड वर येते आणि चौदाव्यापर्यंत तिथेच राहते. सतरावा ओइ झुकी बरोबर अ वर. अठराव्यात पाय तिथेच, विसाव्यात उजवा पाय फिरून परत अ वर, आणि शेवटी डावा पाय त्याच्या शेजारी. म्हणजे काता जागेवर येतो तो नशिबाने नाही. टाकीकडे चार लांब्या, जिन्याकडे चार लांब्या, आणि दोन अर्धवळणांतल्या रुंद्या एकमेकींना फेडतात.

लहान मुलांसाठी किंवा उंच माणसासाठी हीच मापं त्याच हिशेबाने बदला: ब म्हणजे मागे दोन रुंद्या, ड म्हणजे पुढे चार लांब्या, क म्हणजे ड पेक्षा दोन रुंद्या अलीकडे. दोन फूट लांब आणि नऊ इंच रुंद पवित्रा असलेल्या मुलाला ब दीड फुटावर, क साडेसहा फुटांवर, ड आठ फुटांवर.

तुम्ही टाचेवर वळता की चवड्यावर, यामुळे तीन-चार इंचांचा फरक पडेल. त्याची काळजी नको. पण फरक पाऊलभर झाला की चूक आहे.

मोबाइल गच्चीच्या कठड्यावर ठेवून पायांचं चित्रण करा. हात चौकटीत आले नाहीत तरी चालतील, हे चित्रण पायांसाठीच आहे. शक्यतो उंचावरून घ्या, म्हणजे रुंदी दिसेल. फोटोंमध्ये दिसत नाही ती हीच.

कुठे संपलात त्यावरून चूक

खुणेच्या मागे, म्हणजे जिन्याकडे संपलात, तर टाकीकडे जाताना पावलं आखूड पडली. हे आगे उकेच्या वेळी होतं. हात वर जातो तसं अंगही वर येतं, गुडघे सरळ होतात आणि पाऊल लहान होतं. प्रत्येक लांबीत चार इंच कमी पडले तरी चार लांब्यांत सोळा इंच होतात. उपाय एकच: आगे उकेचे तीनही टप्पे हात कंबरेवर ठेवून चाला आणि डोक्याची उंची बदलते का ते बघा. पवित्र्यात डोकं येतं त्याच्या किंचित वर दोरी बांधून तिच्याखालून गेलात तर जास्त बरं. उंची स्थिर झाल्यावरच हात जोडा.

खुणेच्या पुढे, म्हणजे टाकीकडे संपलात, तर परतीचे तीन ओइ झुकी आखूड आहेत. यात घाई असते: पाय पोचण्याआधी पंच सुटतो, आणि पंच सुटला की पाय तिथेच थांबतो. पाय टेकल्यावर पंच, असं तीन दिवस मुद्दाम हळू करा. मात्र पुढे संपण्याचं आणखी एक कारण तिसरं वळण (म्हणजे तिसऱ्या हालचालीतलं) असू शकतं, ते खाली सांगितलं आहे.

डावीकडे, म्हणजे रस्त्याकडे सरकलात, तर संशय चौथ्या हालचालीवर घ्या. तेत्सुईसाठी उजवा पाय मागे ओढला जातो, मूठ डोक्यावरून गोल फिरते, आणि पाय पुन्हा पुढे टाकताना आधीच्या जागेपर्यंत पोचत नाही. तो जितका कमी पडतो तितका सगळा काता रस्त्याकडे सरकतो, कारण पुढचं वळण याच पायावर होतं आणि पुढे कुठेही तो फरक भरून निघत नाही. ब च्या खुणेवर टाच परत येते का, एवढंच बघा. पाय मागे ओढताना डाव्या पायावर वजन घेतलंत आणि मूठ खाली उतरतानाच उजवा पाय टाकलात तर तो पोचतो. आधी मूठ मारून मग पाय टाकणारे नेहमी कमी पडतात. तिसरं वळणच आखूड पडलं असेल तरी परिणाम हाच.

उजवीकडे, नारळाकडे सरकलात, तर बारावी हालचाल. तिथेही उजवा पाय फिरतो, पण दिशा उलटी असल्याने आखूड पडलेलं पाऊल तुम्हाला नारळाकडे ठेवतं.

जागा बरोबर पण तोंड भलतीकडे, असं झालं तर विसावी हालचाल. कोपऱ्यातून नारळाकडे वळताना १३५ अंश वळायचं असतं. सवयीने पूर्ण अर्धवळण घेतलं जातं आणि अंग नारळ आणि जिना यांच्या मधल्या कोपऱ्याकडे जातं. डोळ्यांनी आधी नारळ बघा, मग वळा.

वळणं : खरा रोग इथे आहे

तिसरी हालचाल घ्या. दुसऱ्या हालचालीनंतर तुम्ही रस्त्याकडे तोंड करून उभे आहात, उजवा पाय पुढे. त्या वेळी उजवी टाच डाव्या टाचेपेक्षा एक फूट टाकीच्या बाजूला आहे. आता नारळाकडे वळून उजवाच पाय पुढे हवा, आणि तुमची उजवी बाजू आता जिन्याकडे आली आहे. म्हणजे उजवी टाच डाव्या टाचेपेक्षा एक फूट जिन्याच्या बाजूला हवी. टाकीच्या बाजूने एक फूट ते जिन्याच्या बाजूने एक फूट: पायाला आडवे दोन फूट जायचं आहे.

पुस्तकात यातलं काहीच दिसत नाही. एका फोटोत रस्त्याकडे पंच, पुढच्या फोटोत नारळाकडे ब्लॉक. वाचणारा पाय सरळ मागे ओढतो आणि वळतो. मग दोन्ही टाचा एका रेघेवर येतात किंवा एकमेकींना छेदतात, आणि पवित्रा तारेवर उभं राहिल्यासारखा होतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: गेदान बाराई झाल्यावर कुणी खांद्यावर बाजूने बोट टेकवलं तरी तोल जातो. ओढलेला पाय दुसऱ्या पायाच्या मागून, पलीकडे, दोन रुंद्या टाकायचा, मग कंबर वळवायची, मग हात. हा क्रम उलटा करून आधी खांदे वळवले की पाय जागेवर अडकतो आणि पीळ गुडघ्यात जातो. खरबरीत शहाबादी फरशीवर अनवाणी असाल तर विशेष जपा, तळवा तिथे सहज फिरत नाही. टेकलेल्या पायाचं पाऊल आधी फिरू द्या, गुडघा त्याच दिशेला राहू द्या.

सहाव्या आणि चौदाव्या हालचालीत हाच दोष लहान प्रमाणात होतो. पाचव्यानंतर डावा पाय नारळाकडे पुढे आहे. टाकीकडे वळताना तो उजव्या पायाला ओलांडून रस्त्याच्या बाजूला एक फूट गेला पाहिजे. बहुतेकांचा तो उजव्या पायाच्या समोरच थांबतो.

दहाव्याला मागचा पाय फिरतो, म्हणून तो सगळ्यात फसवा. नववा आगे उके संपल्यावर उजवी टाच क वर आहे, डावा पाय मागे. डावा पाय पाठीमागून नारळाकडे जातो, आणि त्याची टाच उजव्या टाचेच्या रेघेत नव्हे, तर एक फूट टाकीच्या बाजूला पडली पाहिजे. पाठीमागे पाय टाकताना तो इतका पुढे न्यायचा हे अंगाला पटत नाही. वाटतं तोल जाईल. खडूने तिथे फुली करा, मान वळवून फुली बघा, पाय टाका, मगच वळा. असे वीस-पंचवीस फेरे नुसते पायांचे झाले की फुली न बघता जमतं.

अठरावी हालचाल पुस्तकात हुबेहूब दहाव्यासारखी दिसते: तोच पाय, तेच २७० अंश. पण तिथे कोकुत्सू दाची आहे. कोकुत्सूत दोन्ही टाचा एकाच रेघेवर असतात, वजन ७० टक्के मागच्या पायावर. म्हणून तिथे डावी टाच थेट उजव्या टाचेच्या रेघेत टाकायची, रुंदी शून्य. दहाव्याची सवय अठराव्याला नेली की कोकुत्सू वाकडा होतो, मागचा गुडघा आत पडतो. अठराव्याची सवय दहाव्याला नेली की झेनकुत्सू अरुंद होतो. दोन्ही वळणं एकाच दिवशी, एकामागून एक घोटली की पायांना फरक कळतो.

खुणेवर आलात म्हणजे बरोबर, असं नाही

तिसऱ्या वळणात पाय ओलांडला नाही तर सगळा काता दोन फूट टाकीकडे सरकतो. बाराव्या वळणातही ओलांडला नाही तर तो दोन फूट परत जिन्याकडे येतो. दोन्ही चुका केल्या तर शेवट बरोबर अ वर होतो! म्हणजे दोन्ही वळणांत पवित्रा तारेवरचा असूनही माणूस खुणेवर परत येतो आणि काता बसला असं समजतो. फक्त शेवट तपासणारे वर्षभर याच भ्रमात राहतात. उलट एखाद्याने तिसरं वळण सुधारलं आणि बारावं तसंच राहिलं, तर तो अचानक दोन फूट मागे संपायला लागतो आणि सुधारलेलं वळणच चुकीचं मानून पुन्हा बिघडवतो.

म्हणून मधल्या खुणा हव्यात. ब, क आणि ड या तिन्ही जागी थांबून खाली बघा. ब वर टाच असेल तर तिसरं वळण बरोबर. ब बरोबर आणि क चुकलं तर आगे उकेची पावलं. क बरोबर आणि ड चुकलं तर दहावं किंवा बारावं वळण. ड बरोबर आणि शेवट चुकला तर परतीचे ओइ झुकी. चूक सापडली की पूर्ण काता करत बसू नका. तेवढाच तुकडा, त्याच्या आधीची एक आणि नंतरची एक हालचाल घेऊन घोटा.

जागा आणि वेग

३ फुटी पवित्र्याला हात लांबवण्याची जागा धरून साधारण १६ बाय १६ फूट लागतात. दहा बाय दहाच्या खोलीत करणारे भिंत आली की तेवढंच पाऊल आखूड टाकतात, आणि मोकळ्या जागी गेल्यावरही पाय तिथेच आखडतो. खोलीतच करायचं असेल तर काता दोन-तीन हालचालींच्या तुकड्यांत तोडा: भिंत आली की थांबा, मागे सरकून पुढचा तुकडा घ्या. किंवा सगळीच पावलं सारख्या प्रमाणात लहान करा. एकच पाऊल आखूड टाकणं मात्र नको. चायना मोझॅकच्या गच्चीवर पावसाळ्यात शेवाळ धरतं. वळणं तिथे करू नका.

पूर्ण वेगात हेइआन शोदानला सुमारे ४० सेकंद लागतात. खुणांवर काम करताना तीन-चार मिनिटं लागू द्या, प्रत्येक हालचालीनंतर पूर्ण थांबून. ब, क, ड आणि अ या चारही खुणा सलग पाच वेळा पाऊलभर फरकाच्या आत आल्या की वेग वाढवा. वेग वाढवल्यावर पहिल्यांदा बिघडतं ते नेहमी दहावं वळण. तेव्हा फक्त ते हळू करा, बाकीचा काता वेगातच ठेवा.

हातांचं काम पाय बसल्यावर. तिथेही पुस्तक शेवटच दाखवतं, म्हणून प्रत्येक ब्लॉक कुठून निघतो ते वेगळं लिहून ठेवा: गेदान बाराईची मूठ दुसऱ्या बाजूच्या कानाजवळून निघून गुडघ्याच्या दीड-दोन मुठी वर थांबते, आगे उकेचा हात कपाळापासून मूठभर पुढे, शुतो उकेत पुढचा हात दुसऱ्या बाजूच्या कानापासून, तळवा चेहऱ्याकडे ठेवून निघतो. पाठमोऱ्या फोटोत यातलं काही दिसत नाही. तिथे त्याच ब्लॉकचा आधी आलेला समोरचा फोटो शोधा आणि त्याच्याच मापाने हात ठेवा.